गालिच्याच्या औषधाचा भाव

दिवाळी झाली की कोल्हापूरचा एक हॉटेलवाला आपलं मशीन बघायला येणार आहे, असं आमच्या यांनी जेवताना सांगितलं. रद्दीवाला येणार आहे अशा थाटात सांगितलं. बघायला येणार म्हणजे घेऊन जाणार, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "मला विचारलंत?" तर हे म्हणाले, "तुला काय विचारायचं त्यात? आमटी वाढ."

मशीन म्हणजे गालिचे आणि सोफे धुण्याचं. आणलं यांनीच, पुण्याच्या प्रदर्शनातून, नोकरीला जोडधंदा म्हणून. पहिले चार-दोन सोफे मोठ्या उत्साहानं धुतले. मग एका दवाखान्यात गुडघ्यावर बसून गालिचा घासत असताना यांच्या ऑफिसातले साहेब पेशंट म्हणून आत आले. त्या दिवसापासून यांची कंबर दुखायला लागली. मशीन बाहेरच्या खोलीत चादर पांघरून बसलं आणि त्याच्यावर आम्ही फुलदाणी ठेवली.

फुलदाणी मी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. पोरं शाळेत गेली की दुपार रिकामी असायची, आणि मला रिकामं बसता येत नाही, मग मी भांडणं उकरून काढते. त्यापेक्षा गालिचे बरे. सांगलीत तेव्हा घरोघरी सोफे आले होते, दवाखान्यांत गालिचे आले होते आणि ते धुवायचे कसे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी रिक्षात मशीन घालून जायची. बायका तोंडावर कौतुक करायच्या आणि पाठीमागे काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. म्हणेनात का. गालिच्यातून काळं पाणी निघायला लागलं की मला जे समाधान वाटायचं, ते पुरणपोळी चांगली झाल्यावरही कधी वाटलं नाही. दोन वर्षं मी ते काम केलं. आणि आता हे मशीन विकून पैसे दिरांच्या दुकानात घालायचे म्हणे.

त्याच सुमाराला मिरज रस्त्याला एक नवं मंगल कार्यालय झालं. मालक हळदीचे व्यापारी, जैन गृहस्थ, अख्खं मार्केट यार्ड त्यांना अण्णा म्हणायचं. कार्यालयात दारापासून स्टेजपर्यंत लालभडक गालिचा अंथरला होता. अण्णांची अट अशी, की जो कोणी वर्षभर गालिचा धुण्याचं काम घेईल त्यानं पहिल्या लग्नाआधी त्यावर डाग न धरण्याचं औषध मारून द्यावं आणि त्याचा भाव आधी सांगावा. कुठल्या तरी मोठ्या हॉटेलात त्यांनी हे औषध ऐकलं होतं.

मी यांना म्हटलं, "हे काम मला मिळालं तर मशीन राहील. नाही मिळालं तर मी स्वतः ते टेम्पोत चढवीन, कुणाला दोष देणार नाही." हे हसले आणि बरं म्हणाले. माणूस हसला की आपलं काम होणार नाही असं त्याला वाटतंय, एवढं मला कळतं. मग तर माझा हट्टच झाला.

ते औषध मी नुसतं ऐकून होते. एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केले, नंबर मिळेना, मिळाला तर पलीकडचा माणूस म्हणे, साहेबांना द्या. कसले साहेब? शेवटी एसटीनं पुणं गाठलं आणि तीन दुकानांतून तीन प्रकारचे कॅन घेतले. एक महागडं, भाव ऐकून छातीत धडकी भरेल इतकं. एक मधलं. आणि एक स्वस्त, लिटरला महागड्याच्या तिसऱ्या हिश्शात. तिन्ही दुकानदारांनी आपलंच औषध खरं म्हणून शपथा घेतल्या. कॅनवर छापलं होतं की कॉफीचे डाग पडणार नाहीत. आमच्याकडच्या लग्नात कॉफी कोण सांडतं? आमच्याकडे पान, रस्सा, चहा, भिजलेल्या अक्षतांचं कुंकू आणि हळद.

येताना साताऱ्यात माहेरी उतरले. आई म्हणाली, "औषधांचे डबे घेऊन हिंडतेस, डॉक्टरीण झालीस की काय?" रात्रीतून महागड्या कॅनचं झाकण थोडं गळलं आणि आईच्या सतरंजीवर वीतभर ओल आली. माझा जीव नुसता तीळतीळ तुटला, इतकं महाग औषध सतरंजीनं प्यावं म्हणजे काय. सकाळपर्यंत ती वाळली. आणि आईनं चहाची बशी नेमकी तिथंच लवंडली. चहा मुरेचना. त्याचे थेंब झाले आणि ते सतरंजीवरून घरंगळायला लागले. आई म्हणाली, "अगं, हा चहा पळतोय कुठं?" मी तिथंच खाली बसून हसत सुटले.

पण एका बशीवर मी विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. गालिचा अंथरणाऱ्याकडून मी उरलेले तुकडे मागून आणले. कुंडलच्या नणंदेकडून द्राक्षबागेचा फवारणीचा जुना हातपंप आणला. तो आधी इतका धुतला की हात सोलले, कारण त्यात मोरचूद असतं आणि निळा गालिचा कुणी मागितला नव्हता. प्रत्येक औषध वेगळ्या तुकड्यावर मारलं आणि तिन्ही तुकडे आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली अंथरले. येणारा-जाणारा तुडवून जायचा. ज्यांना वळसा घालायची सवय होती त्यांना मी ओरडून बोलावून त्यावरून चालवलं. मग त्या तुकड्यांवर चहा ओतला, मटणाचा रस्सा ओतला, कुंकवाच्या ओल्या अक्षता चुरडल्या. रश्श्याचं अण्णांना अर्थातच सांगितलं नाही. पानाची पिंक टाकायला माणूस हवा होता. यांनी पान सोडलं होतं. "घ्या हो एवढं एक, कामासाठी," मी म्हटलं. यांनी इतक्या आनंदानं खाल्लं की पुढं रोज विचारायला लागले, आज डाग पाडायचा आहे का म्हणून.

हळूहळू एकेकाचं पितळ उघडं पडलं. मधलं औषध वास मारायचं आणि हाताला चिकट लागायचं. जिन्यातली सगळी धूळ त्या तुकड्यानं धरली, आठवड्यात तो पायपुसण्यासारखा दिसायला लागला. स्वस्तातलं दिसायला झकास, पण मशीननं एकदा धुतलं की गायब. म्हणजे प्रत्येक धुण्यानंतर नवं मारा. महागडं तीन-चार धुण्यांना पुरलं. शिवाय त्याच्या एका लिटरात चार लिटर पाणी घालायचं होतं, आणि स्वस्तातल्यात थेंबभर घालायची सोय नव्हती. मी गॅलरीच्या भिंतीवर खडूनं मांडून बघितलं. लिटरला तिप्पट भावाचं औषध गालिच्यावर पसरलं की स्वस्तातल्याहून स्वस्त पडत होतं, आणि वर्षाचा हिशेब केला तर फारच स्वस्त. मी दोनदा पुसून पुन्हा मांडलं. हे कंबर धरून बघत उभे होते. "बरोबर आहे," म्हणाले. बस, तेवढंच.

एकच गोष्ट सुटली नाही. हळद. तेलात कालवलेली हळद तिन्ही तुकड्यांवर तशीच बसली. महागड्यावर जरा फिकी, एवढंच. मी तिच्याशी हरतऱ्हेनं झटापट केली. सोडा लावला तर ती लाल झाली. शेवटी मी तुकडा भिंतीवर फेकला आणि देवाला चार शब्द सुनावले. हळदीच्या व्यापाऱ्याच्या कार्यालयात, जिथं रोज हळद लागणार, तिथं हळदीसमोर टेकणारं औषध घेऊन कुठल्या तोंडानं जायचं?

हॉटेलवाला यायच्या आदल्या दिवशी अण्णांनी बोलावलं. मी तुकडे पिशवीत घातले. हे सोबत आले, कशाला ते मी विचारलं नाही.

मार्केट यार्डातली अण्णांची पेढी म्हणजे सगळं पिवळं. गादी पिवळी, अण्णांच्या धोतराची किनार पिवळी, टेलिफोनचे आकडे पिवळे. तिथं पुण्याचा एक माणूस आधीच बसला होता, टाय लावून. त्याच्या हातात तेच स्वस्तातलं औषध. मी बघूनच ओळखलं.

अण्णा म्हणाले, "लिटरला काय भाव ते बोला."

त्यानं सांगितला. मग मी सांगितला. तो माणूस छताकडे बघून हसला.

"लिटरचा भाव विचारू नका अण्णा," मी म्हटलं. "गालिच्याचा विचारा. वर्षाचा विचारा." आणि सगळं उलगडून सांगितलं, पाणी किती, धुणी किती, धूळ कुठली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. हळदीचे सौदे करणाऱ्या माणसाला आकडे दोनदा सांगावे लागत नाहीत. डोळे उघडून म्हणाले, "व्हय, बरोबर हाय. पर हळद निघंल का?"

पुण्याचा माणूस लगेच म्हणाला, "शंभर टक्के शेठजी. ओल्या फडक्यानं पुसा, निघाली. गॅरंटी."

आता अण्णा माझ्याकडे बघायला लागले. हे माझ्या बाजूला खाकरले. खाकरण्याचा अर्थ मला कळत होता, निघेल म्हण आणि मोकळी हो. एका शब्दाचं काम होतं. उद्या टेम्पो येणार होता आणि मला ते मशीन हवं होतं. पण मी दोन महिने त्या हळदीशी भांडले होते. मला खोटं बोलायला जमेना, रागच यायला लागला.

"नाही निघत," मी म्हटलं. "कुठल्याच औषधानं निघत नाही. बाकीचे डाग निघतात, हळद निघत नाही. हळदीच्या कार्यक्रमाला वर जाजम अंथरा." आणि पिवळे डाग पडलेले तिन्ही तुकडे मी गादीवर ठेवले.

अण्णांनी एकेक तुकडा उचलून नाकाशी नेला, बोटानं घासला. मग पुण्याच्या माणसाला म्हणाले, "माझी हळद ओल्या फडक्यानं निघती म्हणतोस?"

"शंभर टक्के."

"मग ती भेसळीची असंल. माझी न्हाई." आवाज चढला नव्हता, पण गुमास्ता मान खाली घालून बसला. "तीन पिढ्या आमी रंगावर हळद इकतोय. जिचा डाग जातो ती हळद कोण घेईल रं?"

तो माणूस काहीबाही बोलत उठला आणि गेला. मला वाटलं झालं, जिंकले. पण अण्णा मला सोडून यांच्याकडे वळले.

"बाईचं काम मला पटलं. पर यार्डात कानावर आलंय, तुमी मशीन इकताय म्हणं. उद्याच. मग वर्षभर माझं कारपेट काय ही बाई हातानं घासणार?"

एरवी यांच्या तोंडातला शब्द मी काढून घेते, त्या दिवशी ओठ दाबून बसले. हे बोटातली अंगठी फिरवत होते. मी मनात म्हटलं, आता दिरांच्या दुकानाचं नाव काढा, म्हणजे संपलं सगळं.

"विकायचं की नाही ते हिला विचारा अण्णा," हे म्हणाले. "मशीन हिचं आहे."

अण्णांनी मान हलवली आणि गुमास्त्याला माझ्या नावानं कागद करायला सांगितला.

बाहेर पडल्यावर हे काही न बोलता समोरच्या बूथमध्ये शिरले आणि कोल्हापूरचा नंबर फिरवला. मी काचेबाहेर पिशवी धरून उभी होते. "नाही हो, उद्या येऊ नका," हे त्या हॉटेलवाल्याला सांगत होते, "ज्यांचं मशीन आहे त्या विकत नाहीत." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. हे म्हणाले, "नाही, माझं नाही. मला चालवतासुद्धा येत नाही नीट." माझे डोळे भरून आले आणि यांचा असा संताप आला की विचारू नका. दोन महिने मी रक्ताचं पाणी केलं, आणि या माणसाला हे एवढं एक वाक्य येत होतं.