कोणताही दिवस

आर्णीच्या सत्यशीलाबाईंना मुहूर्त या शब्दाचाच राग. त्यांच्या शिलाईच्या दुकानात कुणी लग्नाचं पोलकं घेऊन आलं आणि मुहूर्ताची घाई सांगू लागलं, की बाई मशीन थांबवून सुनवायच्या, "आमाले कोनताई दिवस चालते बाप्पा! भन्तेजी आले, वंदना झाली, झालं लगन." बोलण्यात त्यांचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं.

आणि याच बाई स्वतःच्या पोराच्या लग्नाला मात्र दिवस धरून बसल्या. संघदीप फौजेत, जम्मूकडे सरहद्दीवर. भीमजयंतीला सुटीवर आला, तेव्हा रुपालीशी त्याचं ठरलेलंच होतं. व्याही किसनराव म्हणाले, "ईहीनबाई, थांबता कायले? पोरगा हाये, पोरगी हाये. उद्याच उरकून टाकू."

"उरकाले ते काय कपडे धुनं हाये?" बाई फणकारल्या. "बुद्धपौर्णिमेले करू. विहारात लायटिंग, साऱ्या वस्तीले जेवन. याचा बाप गेला तवापासून मशीनच हाकून राह्यली मी. एवढी तं हौस करू द्या."

संघदीप हसून म्हणाला, "माय, तू तं पंचांग काढाले लागली!"

मग काश्मिरात गोळीबार झाला, फिरायला गेलेली माणसं मेली. संघदीपला परत बोलावणं आलं. त्याचा लग्नाचा पांढरा कुडता मशीनवर होता, गुंड्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. बाई नागपूरपर्यंत त्याला गाडीत बसवायला गेल्या.

पुढे विमानं उडाली, तोफा सुरू झाल्या. आर्णीच्या चौकात फटाके फुटले. बातम्यांना नाकं मुरडणाऱ्या बाई आता टीव्हीसमोरून हलेनात. त्या पडद्यावर ओरडणाऱ्या माणसांना पोरंबाळं असतात की नाही, देव जाणे. एक गिऱ्हाईक पोलक्याचं माप देता देता म्हणालं, "होऊनच जाऊ दे आता एकदाचं!" एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईंनी मान खाली घालून माप लिहून घेतलं.

पौर्णिमा दोन दिवसांवर असताना लढाई थांबल्याची बातमी आली. शेजारणी पेढे घेऊन धावल्या. बाईंनी कुडता काढून गुंड्या लावायला घेतल्या, तेवढ्यात संघदीपचा फोन आला.

"थांबलं हाये माय, मिटलं नाई. कवाबी पेटन म्हनतात. सुट्या बंदच हायेत."

"कवा उघडतीन?"

"कोनालेच ठाव नाई."

पौर्णिमेला विहारात लायटिंग झाली. वंदना झाली, खीर वाटली गेली. किसनराव रुपालीला घेऊन आले आणि बाईंच्या शेजारी टेकले. माणूस भला, आवाजात राग नव्हता. "ईहीनबाई, पाहुने इचारून राह्यले. दुसरा एखादा दिवस सांगा. तुमी म्हनान तो."

बाईंनी रुपालीकडे पाहिलं. पोरगी खिरीची वाटी हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आमाले कोनताई..." बाई बोलायला गेल्या आणि तिथंच थांबल्या.

एप्रिलात तो इथं होता. रुपाली होती, भन्तेजी होते. कोणताही दिवस चालला असता.