दाजींच्या नावावर खपवलेला मजकूर

सांगलीहून ताईचा फोन आला. "रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमाच्या पुरस्कारांचा कार्यक्रम आहे. येतोस का? यंदा माझं काही नाही त्यात. नुसत्या साड्या बघायच्या."

"बघतो," म्हणालो. सातारा-सांगली अंतर काही फार नाही. पण त्या कार्यक्रमाचं नाव निघालं की वर्षभर माझे कान गरम होत होते.

कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सारी नोकरी झाली. शाली, श्रीफळं, कोनशिला, सत्कारमूर्तींची मनोगतं या सगळ्यांवर मी जन्मभर तिरकस बोलत आलो. चौकातल्या फ्लेक्सवर एका माणसाला किती विशेषणं लागली, ती मोजत घरी जाणं हा माझा फुकटचा विरंगुळा. मोहात पडण्याची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती, म्हणून हे जमत होतं.

ताई तीस वर्षं शिवणकाम करते. वाईजवळ एका ऐतिहासिक चित्रपटाचं शूटिंग होतं, तेव्हा तिथे महिनाभर राहून तिनं नऊवारी साड्या शिवून दिल्या. गेल्या वर्षी त्या चित्रपटाला वेशभूषेचं नामांकन मिळालं. लगेच ताईच्या यजमानांचा, म्हणजे दाजींचा फोन. दाजी मूळचे कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त झालेले.

"पाव्हणं, गल्लीत बोर्ड लावायचाय. मजकूर तुमी द्या. आमचं शिक्षण पलटणीतलं."

मी तासाभरात पाठवला. 'सांगलीच्या सुईदोऱ्याचा राज्यभर गौरव', खाली ताईचं नाव आणि ठळक अक्षरांत 'सर्वोत्कृष्ट वेशभूषा'. 'नामांकन' हा शब्द ओळीत मावेना, म्हणून मीच काढला. पुरस्कार मिळाल्यातच जमा आहे, असं मला खरोखर वाटत होतं. नामांकनाची यादी मात्र मी वाचली नव्हती. पुढे वाचली. नामांकन मुंबईच्या वेशभूषाकार बाईंचं होतं. ताई त्यांच्या हाताखालच्या शिवणाऱ्या बायकांपैकी एक.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईच्या घरात अर्धी गल्ली जमली होती. बायकांनी औक्षणाचं ताट तयार ठेवलं होतं. पडद्यावर नाच झाले, विनोद झाले, पुन्हा नाच झाले. वेशभूषेचा पुरस्कार दाखवलाच नाही. पडद्याच्या तळाशी एक बारीक पट्टी सरकत गेली आणि तिच्यात भलत्याच चित्रपटाचं नाव होतं.

समोरच्या घरातले निवृत्त मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मग बोर्ड कुणी लिहिला हो हा? सर्वोत्कृष्ट म्हणे!"

मीच पटकन बोललो. "दाजींचा उत्साह, दुसरं काय! मला विचारलं असतं तर लिहू दिलं नसतं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "व्हय, माझंच ते. जरा लयच झालं."

ताई निरांजनं विझवत होती. तिनं सगळं ऐकलं. जेवताना माझ्या पानात तिनं नेहमीसारखंच तूप वाढलं.

तेव्हापासून गल्लीनं दाजींचं नावच 'सर्वोत्कृष्ट' ठेवलं. दूध आणायला निघाले की कट्ट्यावरून हाक येते, "काय सर्वोत्कृष्ट, आज सायकलवर?" हे मला ताईनंच हसत हसत सांगितलं होतं. मीही फोनवर हसलो होतो.

रविवारपर्यंत मी न जाण्याची कारणं गोळा केली. कार्यक्रम भपकेबाज आहे. पुरस्कार आधीच ठरलेले असतात. अशा गोष्टींना प्रेक्षक न मिळणं हेच समाजाच्या हिताचं. कारणं इतकी सुबक जमली की त्यांचाच संशय आला. शेवटी एसटीत बसलो. कऱ्हाड येईपर्यंत कबुलीचं वाक्य तयार झालं होतं आणि इस्लामपूर गेल्यावर ते छोटं झालं होतं.

घरात ताई, दाजी आणि मास्तर एवढेच. कार्यक्रम सुरू झाला होता. पहिल्याच जाहिरातीत मास्तर म्हणाले, "काय सर्वोत्कृष्ट, यंदा बोर्ड नाही वाटतं?"

दाजी हसले. मी म्हणालो, "मास्तर, तो मजकूर माझा होता. दाजींनी एक अक्षर लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी मी खोटं बोललो."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात मेहुणा! दाजींची अब्रू राखायला स्वतःच्या अंगावर घेताय होय? वाचनाचा संस्कार असा दिसतो बघा माणसात."

"आवं, खरंच सांगतायत त्ये," दाजी म्हणाले.

"तुम्ही गप बसा हो सर्वोत्कृष्ट. त्यांचा मोठेपणा बघा जरा."

ताईनं टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. मजकूर माझ्या फोनमध्ये होता, दाजींना पाठवलेला, जसाच्या तसा. फोन खिशातून काढून मास्तरांच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं.

जाहिराती संपल्या. मास्तरांनी सरकून कोचावर मला आपल्या शेजारी जागा करून दिली आणि मी बसलो.