दुसऱ्या दिवशीचं विमान

सहादू गांगुर्डे यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून झाली. २००१च्या डिसेंबरात एका सकाळी दात घासता घासता ते अंगणात कोसळले आणि गेले. त्यांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, शिकागोला मुलाला, ज्ञानेशला, फोन लावला.

“आम्ही थांबतो रे. बर्फ मागवलाय.”

“आई, तेरा हजार किलोमीटर आहे. विमानातच वीस तास जातात, वर मध्ये बदलायचं, मग मुंबईहून ओझर. नका थांबू.”

पुतण्या गोटीरामनं अग्नी दिला. दहाव्यालाही ज्ञानेश आला नाही. लांब हाय, पोर तरी काय करणार, अशी यशोदाबाईंनी मनाची समजूत घातली.

फेब्रुवारीत सुनेच्या, म्हणजे भाग्यश्रीच्या, भावाचं पुण्यात लग्न होतं. त्याला मात्र दोघंही आले, तेही हळदीच्या आधी. जाताना अर्धा दिवस ओझरला डोकावले. यशोदाबाईंनी पोहे केले, चहा केला. गाडी वळल्यावर गोटीरामला म्हणाल्या, “लग्नाला रस्ता जवळ पडतो व्हय रे? याचं उट्टं काढल्याशिवाय मी राहायची नाय.”

२००३मध्ये भाग्यश्रीला मुलगा झाला. तिची रजा संपत आली, तेव्हा बाळाला सांभाळायला म्हणून ज्ञानेशनं आईचा व्हिसा करवला, सहा महिन्यांनंतरच्या परतीचं तिकीट पाठवलं. ते घेऊन यशोदाबाई नाशिकला ट्रॅव्हल एजंटकडे गेल्या आणि परतीची तारीख बदलून मागितली.

“काकू, पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी? चुकताय का काही?”

“नाय. तसंच करा.”

मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून शिकागो. समोरच्या पडद्यावर नकाशातलं चिमुकलं विमान पुढं सरकत होतं. यशोदाबाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. पाय सुजून चपलेत मावेनात. विमान सरकेल तसा त्यांचा राग चढत गेला. रस्ता तर कुठंच अडत नव्हता.

घरी पोचल्यावर ज्ञानेश म्हणाला, “दमली असशील, आई.”

“दमायला काय झालं? बसूनच तर आले.”

भाग्यश्री बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवायला वाकली. त्यांनी हात पुढं केले नाहीत.

“मी उद्याच्या विमानानं चालले,” त्या म्हणाल्या.

“उद्या? अहो आई, सोमवारी मला ऑफिसला जायचंय!”

“तुझं तू बघ, बाई.” मग त्या ज्ञानेशकडे वळल्या. “एवढ्या लांबून येता येतं का, ते बघायला आले होते. येतं. मी म्हातारी बाई, इंग्रजीचा एक शब्द येत नाय, तरी आले. तू नको म्हणालास, तरी तुझा बाप दिवेलागणीपर्यंत तुझी वाट बघत ओट्यावर पडून होता.”

ज्ञानेश खाली मान घालून रडला. दुसऱ्या दिवशी त्यानंच त्यांना विमानतळावर सोडलं. भाग्यश्रीला वर्षभर नोकरी सोडावी लागली.

ओझरला परतल्यावर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लेकराला तरी घ्यायचं होतं. यशोदाबाई म्हणत, “त्या जिवाचा दोष नाय, कळतं मला. पण ज्ञानेशला दुसरीकडं कुठं डिवचलं असतं तर लागलंच नसतं.”

पुढच्या डिसेंबरात, न बोलावता, ज्ञानेश मुलाला घेऊन बापाच्या श्राद्धाला आला. यशोदाबाईंनी नातवाला कडेवर घेतलं, गल्लीभर फिरवून आणलं, आपल्या हातानं खीर भरवली. ज्ञानेशचं पान गोटीरामनं वाढलं.