खोकल्यावर कौलं

चार माणसं मिळून दुसऱ्याच्या पैशानं चांगलं काम करायला बसली, की काम होवो न होवो, किस्से होतातच. जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग लागावेत तसे ते साचत जातात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही.

दुसरी लढाई सुरू होण्याआधीच्या वर्षांत तापीकाठच्या आमच्या गावात एक औषधमंडळ होतं. कापसाच्या गाडीमागे व्यापारी धर्मादाय म्हणून थोडं बाजूला काढत आणि त्यावर फुकट दवाखाना चाले. अध्यक्ष नरोत्तमभाई, केळी-कापसाचे मोठे शेतकरी. त्यांची विधवा बहीण काशीबेन. तिसरे दगाजी पाटील, ज्यांना रोज थोडं भांडण लागे, जेवणात मीठ लागावं तसं. मी शाळामास्तर, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. आणि पुण्याकडून आलेले डॉक्टर गोगटे. पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं.

*

रेवजी नावाचा, वर्षाच्या बोलीवर राबणारा एक भिल्ल सालदार दर पंधरवड्याला खोकला घेऊन यायचा. डॉक्टर त्याची बाटली भरून द्यायचे. बाटली संपायची, खोकला संपायचा नाही. एक दिवस डॉक्टर त्याच्याबरोबर चालत झोपडीवर गेले आणि डोळे चोळत परत आले. आत चूल, आतच माणसं, आतच शेळ्या, आणि धुराला बाहेर जायला एक भोक नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाकडे कौलं मागितली. कौलारू छप्पर, त्यात मधे उघडं धुराडं. नरोत्तमभाईंनी विचारलं की औषधमंडळानं घरं शाकारायची, तर दवाखान्याचं काय करायचं? डॉक्टर म्हणाले की दवाखाना आहेच, पण ह्या माणसाचं औषध कुंभाराकडे मिळतं. अखेर कौलं दिली, आणि मी हिशेबात लिहिलं, 'खोकल्यावरचं औषध : कौलं.'

वर्षअखेरीला व्यापाऱ्यांचे मुनीम हिशेब बघायला आले. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मग चष्मा वर करून त्यांनी खवचटपणे विचारलं, "हे औषध दिवसातून किती वेळा?"

दगाजी पाटील तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "एकदाच दिधं. वरथून."

*

हिवतापाचं बघा. डॉक्टरांचं म्हणणं, क्विनीन मी वर्षानुवर्षं देत राहीन, पण साचलेल्या पाण्याचे खड्डे बुजवा. नरोत्तमभाईंना ते पटलं. त्यांनी स्वतः ठराव मांडला की गावातला सगळ्यात मोठा खड्डा आधी बुजवायचा, आणि तो ज्याच्या जमिनीत असेल त्यानं खर्च सोसायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग आम्ही खड्डे बघायला निघालो. सगळ्यात मोठा निघाला नरोत्तमभाईंच्या केळीच्या बागेमागे.

दगाजी पाटलांनी ठरावाला तिथेच, चिखलात उभं राहून अनुमोदन दिलं.

*

काशीबेन मंडळात आल्या त्या भावाच्या हट्टानं, पण टिकल्या स्वतःच्या हट्टानं. त्या सभेत फारशा बोलत नसत. एकदा मात्र डॉक्टरांनी बाळंतिणींसाठी ताकदीच्या औषधाची मागणी केली, तेव्हा त्या म्हणाल्या की ह्या बायकांना औषध नको, जेवण द्या. मजुरीवर जाणारी बाई बाळंत झाली की घरात सगळ्यांचं खाऊन झाल्यावर जे उरेल ते खाते, आणि उरत काहीच नाही.

म्हणून मंडळातर्फे तूप, गूळ, डिंक आणून काशीबेननी लाडू वळले आणि घरोघर पोचवले. महिन्यानं डॉक्टर बघायला गेले. बाळंतिणी होत्या तशाच फिक्या. सासरे मात्र एकेक टवटवीत दिसत होते.

डॉक्टर फार चिडले. काशीबेन चिडल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी लाडवांत मेथी घातली, आणि अशी घातली की चाखताना आमच्या डोळ्यांना पाणी आलं.

आठ दिवसांत एक सासूबाई तणतणत दवाखान्यात आल्या. "बेन, तुन्हा लाडू इतला कडू शेतस, घरमा कोनीच खात नही. सूनलेच खावा लागतस."

काशीबेन म्हणाल्या, बघते हं. आणि पुढच्या वेळी मूठभर मेथी जास्त घातली.

*

देणगीदाराच्या नावाची पाटी बसवायची, अशी मंडळाची पद्धत होती. दवाखान्याच्या बाकावर पाटी होती, माठावर होती, औषधाच्या कपाटावर तर दोन होत्या. पण आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या गावांची माणसं येत, ती नदीकाठ घाण करत, आणि तेच पाणी खालची वस्ती पीत असे. डॉक्टरांनी बाजारामागे संडास बांधायचा म्हटल्यावर देणगीदार सापडेना. खर्चाची तयारी अनेकांची होती, पाटीची कुणाचीच नव्हती. आणि पाटीशिवाय दान म्हणजे नरोत्तमभाईंच्या मते नियमाला सोडून.

दगाजी पाटील एका सभेत म्हणाले, खर्च मी देतो, पाटी मी सांगेन ती लावा. आम्ही आनंदानं होकार दिला. पाटी आली. तीवर नाव होतं दौलत पाटलांचं. दौलत पाटील म्हणजे दगाजींचे चुलतभाऊ. दोघांचा बांधावरून वर्षानुवर्षं दावा चालू होता.

बाजाराच्या दिवशी दौलत पाटील आले. पाटी वाचली. सगळा बाजार त्यांच्याकडे बघत होता. ते तसेच निघून गेले, आणि आम्हाला वाटलं आता डोकी फुटणार. चार दिवसांनी त्यांचा माणूस मंडळाकडे आला. बायकांसाठी वेगळी सोय हवी, तिचा सगळा खर्च दौलत पाटील देतील, एवढा निरोप होता. सोबत पाटी तयारच होती. तीवर दगाजींचं नाव, दुप्पट मोठ्या अक्षरांत.

त्या पावसाळ्यात खालच्या वस्तीत जुलाबानं कुणी दगावलं नाही. डॉक्टरांनी सभेत हे सांगितलं आणि मग गंभीरपणे विचारलं, "गावात आणखी कुणाची भाऊबंदकी आहे का?"

*

मंडळानं एक दमणी घेतली होती. अडलेल्या बाईला किंवा उठता न येणाऱ्या रोग्याला शहाद्याला न्यायचं, तर बंद पडद्याची बैलगाडी हवी, म्हणून. गाडी होती देखणी, आणि तिथेच घोटाळा झाला. लग्नसराईत जो तो ती वरातीसाठी मागू लागला. आम्ही सांगितलं की गाडी फक्त रोग्यासाठी.

कळसाडीकडे जाणाऱ्या एका वऱ्हाडानं यावर तोड काढली. नवरदेवाला ताप आहे, असा निरोप आला. डॉक्टर स्वतः गेले, नाडी बघितली, आणि गाडी दिली. फक्त रोग्याबरोबर डॉक्टर पाहिजे, म्हणून स्वतःही गाडीत चढून बसले.

लग्न लागलं, पंगत बसली. खापरावरच्या पुरणपोळ्या आल्या, आमरस आला. डॉक्टर नवरदेवाच्या शेजारी बसले होते. त्यांनी वाढप्याला थांबवलं आणि सांगितलं की ह्यांना ताप आहे, ह्यांना पेज. नवरदेवानं बापाकडे बघितलं. बापानं आमरसाच्या वाटीकडे बघितलं. सगळ्या मांडवासमोर तो मुलगा पेज प्यायला.

संध्याकाळी बाप डॉक्टरांना शोधत आला आणि हात जोडून म्हणाला, "ताप उतरी गया, डाक्टर. गाडी लई जा."

*

आता गोजराबाईंचं सांगतो.

गावात पिण्याच्या पाण्याची एकच विहीर होती, पायऱ्यांची. बायका खाली उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. आणि गावात दर उन्हाळ्यात नारू निघे. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येतो, महिनाभर माणूस जागचा हलत नाही. डॉक्टरांनी समजावलं की दुखरा पाय पाण्यात बुडतो, तिथूनच तो पाण्यात येतो आणि पिणाऱ्याच्या पोटात जातो. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, वर रहाट बसवा. मंडळाकडे पैसा होता, गवंडी ठरला होता.

पण पायऱ्यांच्या तळाशी कोनाड्यात देवी होती. देवी म्हणजे तांदळा, शेंदूर लावलेला गोल दगड. गाव तिला नुसतं माय म्हणे. गोजराबाई रोज खाली उतरून तिची पूजा करीत, आणि त्यांच्याआधी त्यांची सासू करीत असे. गवंडी आला त्या दिवशी गोजराबाई वरच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या की आधी मला बुजवा. नरोत्तमभाई त्यांना उठवायला निघाले, तेव्हा डॉक्टरांनीच अडवलं. काम बंद पडलं.

त्याच उन्हाळ्यात गोजराबाईंच्या नातीला नारू झाला, डाव्या पायाला. मुलगी आठ-नऊ वर्षांची. नारू ओढला तर तुटतो आणि पाय सडतो, म्हणून तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढावा लागतो. डॉक्टर रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत. मुलगी किंचाळे आणि गोजराबाई तिचं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवत. डॉक्टरांनी विहिरीचा विषय काढला नाही.

एक दिवस गोजराबाईंनीच विचारलं की हा येतो कुठून. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून.

"मायना पानीमाथून?"

डॉक्टर हो म्हणाले. गोजराबाई उठून आत गेल्या, आणि त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही चावडीवर बसलो होतो, तेव्हा त्या आल्या. डोईवर पदर घेऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माय सपनमा उनी. म्हने, मन्हा पाय दुखस. आते पायऱ्या नको, माले वर लई चला."

डॉक्टर गोगटे हा देवापुढे कधी हात न जोडणारा माणूस. ते उठले, त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली, आणि रोग्याच्या घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोणता पाय दुखतो म्हणाली?"

"डावा," गोजराबाई म्हणाल्या.