गुळगुळीत गाल

मुनिबामावशीनं दार ठोठावलं, तिथंच शेफिकाच्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षांच्या शेजारात ही बाई कधी दार ठोठावून आली नव्हती. पायरीवर जोडे काढतानाच "कॉफी ठेव गं!" असा पुकारा करत ती सरळ स्वयंपाकघरात शिरायची.

शेफिका भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची सालं काढत बसली होती. हात कोपरापर्यंत माखलेले. "उघडंच आहे," ती म्हणाली.

मावशी आत आली ती डोक्याला इस्त्रीचा रुमाल बांधून आणि एक पाकीट छातीशी धरून.

"कोण गेलं? की कोणाचं लग्न आहे?"

"तुझं," मावशी म्हणाली. "म्हणजे, तू होऊ दिलंस तर."

पाहायला आलेल्याला मुलीनं कॉफीबरोबर साखर दिली की होकार, नाही दिली की नकार, हे त्यांच्या त्राव्निक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेफिकाच्या ट्रेमध्ये अकरा वेळा साखर नव्हती. एकाचे कान सुपाएवढे, एकाचं पोट त्याच्या आधी दारात आलं, एक तर तिच्याहून दोन बोटं बुटका. तेव्हा ती उंच, देखणी होती. आपल्या तोलाचा कोणीतरी येणारच, याची तिला खात्री होती. आता शेहेचाळिसावं सरत आलं होतं. आई गेल्यापासून हिवाळ्यासाठी भरलेल्या बरण्या उन्हाळा आला तरी संपत नसत.

"रासिम नाव. शेजारच्या झेनित्सा गावचा. विधुर आहे, सुतारकाम करतो, पीत नाही. कान मी स्वतः बघितलेत, दोन्ही सारखे."

"मग इतकी वर्षं कोणी उचलला कसा नाही?"

"तुला कोणी उचललं?"

शेफिका हात धुऊन पाकिटातला फोटो खिडकीशी घेऊन गेली. माणूस छान होता. डोळे शांत, कपाळ रुंद. नेमका म्हणूनच तिला तो पटेना. पुलाजवळच्या फोटो स्टुडिओत ती बावीस वर्षं लोकांच्या फोटोंतले चेहरे साफ करत आली होती. पन्नाशीच्या सुताराचा गाल असा लोण्यासारखा नसतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"फसवतोय मेला! हा डावा गाल बघा. इथं काहीतरी होतं ते पुसलंय. पुसणाराही अडाणीच, कानाखालची सावलीसुद्धा..."

ती थांबली. गालाबरोबर कानाखालची सावली पुसून टाकायची, ही खोड स्टुडिओत एकीचीच होती, तिची स्वतःची. मालक त्यावरून तिला कायम बोलायचा.

चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. पुसलेलं मात्र राहायचं. दोन वर्षांपूर्वीचा, कानापासून हनुवटीपर्यंतचा एक व्रण. लेकीला फोटो पाठवायचाय, एवढंच तो माणूस म्हणाला होता. व्रण काढा असं काही त्यानं सांगितलं नव्हतं. तिनंच सवयीनं, न विचारता काढला. फोटो हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. "माझा धाकटा भाऊ वाटतोय," म्हणाला आणि टोपी चढवून निघून गेला.

"मावशी, ह्याच्या गालावर व्रण आहे."

मावशीचा चेहरा उतरला. "तो म्हणालाच होता गं, आधी सांगा म्हणून. मीच गप्प बसले. तुला सांगितलं असतं तर फोटोकडे ढुंकून तरी बघितलं असतंस का?"

 शेफिकाची नजर काचेच्या कपाटावर गेली. फोटोंच्या रांगेत बैरामच्या सणापासून एक जागा रिकामी होती. तिथला तिचा फोटो मागे पडला असेल, असं ती समजून चालली होती.

"आणि त्याला काय दाखवलंत?"

"तुझाच की, निळ्या ब्लाउजमधला. काय खुलून दिसतेस त्यात! म्हटलं, एक सुरकुती शोधून दाखव. नाही सापडली बिचाऱ्याला."

कशी सापडणार? त्या फोटोत स्वतःच्या गळ्यावरच्या साऱ्या रेघा पुसायला तिला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. तो आपला व्रण घेऊन येणार, आणि दारात त्याच्यापुढे कोणीतरी भलतीच उभी असणार.

"रविवारी येतो म्हणतोय," मावशी दबकत म्हणाली. "साखर ठेवशील की नाही, तेवढं सांग."

शेफिकानं पर्समधून ओळखपत्र काढलं. सरकारी कचेरीत काढलेला त्यावरचा फोटो साफ करायची सोय नव्हती. गळा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं जसंच्या तसं.

"मावशी, रविवारच्या आधी त्याला हा फोटो दाखवा."