विहिरीवरचं बाकडं आणि ताजिकिस्तान

क्रांती करणारे लोक जगात पुष्कळ होऊन गेले, ती चिरडणारेही तेवढेच झाले. पण क्रांती ज्या देशात झाली तो देश सोडून त्याच्या शेजाऱ्याकडे डोळे लावून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्याच्याच पडवीलगतच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. बोईसरच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा तिथं जागा मिळेना, म्हणून कुणीतरी घिवलीच्या अलीकडची ही वाडीतली खोली दाखवली. घरमालकांनी माझं नावगाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. "तुमच्या गावाच्या शेजारी कोणतं गाव?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. "त्या दोन गावांचं जमतं का?" हा दुसरा प्रश्न. अजिबात जमत नाही म्हटल्यावर ते प्रसन्न झाले आणि त्यांनी खोलीचं दार उघडून दिलं.

सकाळी ते चिकूच्या वाडीत असत आणि दुपारी पडवीत बसून डाय कोरत. डाय म्हणजे सोनार ज्यावर पत्रा ठोकून दागिन्याची नक्षी उठवतात तो धातूचा ठसा. आमच्या त्या पट्ट्यात घरोघरी हे काम चाले. शेजारी एक जुना रेडिओ, आणि त्याची तांब्याची तार थेट अंगणातल्या माडाला बांधलेली. रेडिओवर क्रिकेट, बाजारभाव किंवा हवामान असलं की हातोडी ठकठक चालू. जॉर्जिया, अझरबैजान, ताजिकिस्तान असं काही ऐकू आलं की हातोडी थांबायची. त्यामुळे कामावरून परतताना मला फाटकाबाहेरच कळे की आज कुठंतरी काहीतरी कोसळलं आहे. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा सगळे हळहळले किंवा खूश झाले, हे मात्र घरातलं माणूस बाळंत झाल्यासारखे गडबडले. "एका घराची पंधरा झाली," मला म्हणाले, "आता शेजार किती वाढला ते बघा."

संध्याकाळी ही सगळी माहिती विहिरीवर जायची. त्या विहिरीवर पंधरा-सोळा वाड्यांचं शिंपण होतं, आणि मोटरच्या खोलीची किल्ली वीस-बावीस वर्षं आमच्या घरमालकांच्या कमरेला होती. कुणाला कधी पाणी आणि किती वेळ, हे ते मनातल्या मनात ठरवत आणि कुणी लिहून मागितलं तर त्यांना ते अपमानासारखं वाटे. खोलीसमोर एक लांब बाकडं होतं. त्यावर मंडळी जमली की ते पाच नारळ मांडत, म्हणजे पाच देश, आणि व्याख्यान सुरू होई. "जॉर्जियात अध्यक्षाला पळायला लागलं, ते सोडून द्या," ते म्हणत. "त्याच्या बाजूला जो खुर्चीवर बसलाय तो दुसऱ्या दिवशी काय करतो ते बघा. आधी म्हणतो, तिकडचं वेगळं हाय, आमचे लोक सुखी हाय. मग काहीतरी फुकट वाटतो. आणि मग लोक जमायची जागा बंद करतो. ताजिकिस्तानात लोक चौकात तंबू ठोकून बसले, तर उझबेकिस्तानात सभा बंद." नारळ सरकवून झाला की ते विरोधकांकडे वळत. "आणि हे विरोधवाले तरी काय करतात? नक्कल. शेजाऱ्यानं तंबू लावला ना, मग आमी पण लावनार. आपल्या चौकात जागा हाय का नाय, ते बघायचं नाय." माझं कुतूहल असं की मी कारखान्यातून आलो की चहा न घेता आधी त्या बाकड्यावर जाऊन बसायचो.

आणि एका वर्षी हे सगळं आमच्याकडे चालत आलं. खाडीपलीकडच्या गावात अशीच विहीर होती आणि तिथंही असाच एक किल्लीवाला होता. तिथले लोक मोटरच्या खोलीसमोर चटया टाकून बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यानं किल्ली टाकली. बातमी मासळीवाल्या बाईनं आणली. बाकड्यावरच्या सगळ्यांनी एकदम आमच्या घरमालकांकडे पाहिलं. ते नारळ गोळा करत म्हणाले, "तिकडचं वेगळं हाय." मी मनात म्हटलं, एक. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना न मागता अर्धा तास जास्त पाणी मिळालं. दोन. त्यानंतर चार दिवसांनी मी संध्याकाळी विहिरीवर गेलो तर बाकडं जागेवर नव्हतं. ते त्यांच्या पडवीत भिंतीला लावलेलं होतं. "पाय हलतोय, दुरुस्तीला आणलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी बसून पाहिलं. चारही पाय भक्कम होते.

त्यांना हसणं सोपं होतं, पण मला हसू आलं नाही. एका दुपारी ते आपणहून म्हणाले, "ही किल्ली गेली का मग मी कोण? डाय कोरनारे इथं पन्नास हाय. वाडीवाले शंभर हाय. हाक मारून विचारतात ते हिच्यासाठी." आणि त्यांनी किल्ली अशी घट्ट धरली की मला वाईट वाटलं. गंमत अशी की किल्ली राहिली पण हाका थांबल्या. बाकडं नाही म्हटल्यावर विहिरीवर कुणी थांबेना. रेडिओवर मोठी बातमी यायची, हातोडी थांबायची, ते मान वर करून सांगायला माणूस शोधायचे, आणि समोर फक्त त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तांदूळ निवडत असायच्या. "बाकडा आणलात घरी," काकू म्हणाल्या, "मानसं तिकडंच ऱ्हायली."

विरोधी पक्ष म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ. त्याची वाडी पाटाच्या अगदी शेवटी, त्यामुळे पाणी पोचायचं ते भर दुपारी, आणि तेही उरलंसुरलं. त्याची तक्रार खरी होती. पलीकडची बातमी ऐकून त्यानं चार जण आणि एक चटई गोळा केली आणि मोटरच्या खोलीसमोर जाऊन बसला. खोलीसमोर पश्चिमेचं ऊन. पहिल्या दिवशी ते घाम पुसत बसले. घरमालक आले, त्यांच्या बाजूनं वळसा घालून गेले, मोटर लावली आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलतभाऊ चटईची गुंडाळी काखेत मारून आमच्या पडवीत आला. मला वाटलं, आता भांडण. तो उंबऱ्याशीच उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, एक विचारायचं हाय. ते तिकडं तंबूत बसलेले ना, त्यांनी बसल्यावर पुढं काय केलं?"

घरमालकांनी हातोडी खाली ठेवली. एक हात कमरेच्या किल्लीवर गेला, दुसरा रेडिओच्या बटणावर. मग त्यांनी रेडिओ बंद केला.

"बस," ते म्हणाले. दोघं त्या बाकड्यावर बसले. "आधी सांग, तुला किल्ली पायजे का पानी?"

"पानी."

"मग नुसता किल्लीवाला हटवून काय होनार? दुसरा किल्लीवाला येल. तिकडं तेच झालं. माझी किल्ली मागू नको, पाळीचा कागद माग. कुनाची वाडी, किती वेळ, सगळं लिहून भिंतीला लावायचं. मग किल्ली खिळ्याला टांगलेली असली तरी चालतं." काकूंनी नारळ आणून ठेवले, ते मांडले गेले, आणि दिवेलागणीपर्यंत शिकवणी चालली. चुलतभाऊ मन लावून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आनि किल्लीवाला नाय म्हनाला तर?"

"म्हणेल ना," घरमालक गंभीरपणे म्हणाले. "पहिल्या दिवशी म्हणेलच. दुसऱ्या दिवशी परत या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आली, कागद मागितला. घरमालक नाही म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळी परत आली. घरमालक हो म्हणाले, कमरेची किल्ली सोडली आणि डाय कोरायला बसले. संध्याकाळी बाकडं विहिरीवर परत गेलं. एका टोकाला ते होते, दुसऱ्या टोकाला चुलतभाऊ. नंतर कधीतरी मी धीर करून विचारलं, त्याला सगळं सांगून का टाकलंत म्हणून. ते म्हणाले, "इतकी वर्षं सांगत होतो, पन पुढं काय, असं कुनी विचारलंच नव्हतं."

पुढं माझी बदली झाली. मधे तीनचार वर्षं गेल्यावर वाणगावला एका लग्नाला आलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून विहिरीवर गेलो. भिंतीवर पाळीचा कागद होता, खिळ्याला किल्ली होती. ते बाकड्यावर एकटेच बसले होते, बरेच थकलेले. रेडिओ बिघडला होता आणि त्याचे भाग मिळत नव्हते. बोलता बोलता त्यांचा हात मधूनच कमरेशी जायचा आणि रिकामा परत यायचा. मी निघायला उठलो तेव्हा म्हणाले, "तुमच्या गावाचं आनि त्या शेजारच्या गावाचं आता तरी जमतं का?"

"अजून नाही," मी म्हटलं.

त्यांनी सरकून मला बाकड्यावर जागा करून दिली. "मग बसा," ते म्हणाले, "नीट सांगा."