सॉफ्टच्या चिठ्ठ्या

माझे मेहुणे शरच्चंद्र कर्णिक मुलुंडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि उरलेल्या वेळात मला संताप आणत. कोटाला चार ठिकाणी शाईचे डाग, बोलणं इतकं सावकाश की ऐकणाऱ्याचा चहा निवावा. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि कुणी आपणहून दिलंही नाही.

छप्पन सालच्या गणपतीनंतर मी पेणहून त्यांच्याकडे राहायला आले, ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी, उत्तराताईसाठी. तिची तीन महिन्यांची माणिक श्रावणात तापानं गेली, आणि तेव्हापासून ताईचं बोलणंच बंद झालं होतं. हो, नाही, नको, एवढंच. आईनं मला बजावून पाठवलं होतं, की दसऱ्यापर्यंत बघ, नाही सुधारली तर घेऊन ये. एकदा नेली की आई तिला लवकर परत पाठवणार नव्हती, कदाचित पाठवणारच नव्हती. हे भावोजींनाही पक्कं ठाऊक होतं.

अशा वेळी माणसानं काय करावं? भावोजी एका इंग्रजी शब्दाला चिकटून बसले होते. गिरगावातल्या एका प्रकाशकासाठी ते शाळकरी मुलांचा इंग्रजी-मराठी कोश करत होते. बाकीचे शब्द भराभर हातावेगळे झाले आणि घोडं अडलं ते ‘सॉफ्ट’पाशी. मी म्हटलं, सॉफ्ट म्हणजे मऊ, त्यात काय एवढं? त्यांनी चष्मा काढला आणि नापास मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

“पाणी मऊ असतं का, शुभा? उजेड? आवाज?”

त्यांचा एक नियम होता. कुणाच्या तोंडून ऐकल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, प्रत्येक अर्थाची वेगळी चिठ्ठी करायची, आणि ज्यानं सांगितला त्याचं नाव तिच्या तळाशी घालायचं. त्यामुळे शाळा सुटली की स्वारी हिंडायला निघे. विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं, ज्यात डाळ लवकर शिजते ते हलकं पाणी. गुणाजी सुतारानं नरम लाकडात नखानं रेघ ओढून दाखवली. भांडुपहून मासळी घेऊन येणाऱ्या सोनूबाईनं पापलेटावर बोट दाबलं आणि मास्तरांना समज दिली, की मऊ लागला तर घ्यायचाच नाही, तो शिळा. मऊपणा वाईटही असतो, हे कळल्यावर भावोजी इतके हरखले की मासे न घेताच घरी आले. मी कपाळाला हात लावला आणि पिठलं टाकलं.

संध्याकाळी ते ओटीवर बसून चिठ्ठ्या वाचत. मुलुंड तेव्हा मोकळं होतं. मागच्या डोंगरावरून ऊन हळूहळू उतरायचं, ओल्या गवताचा वास घरात शिरायचा, आणि आपण जागे आहोत की झोपेत तेच कळायचं नाही. ताई खांबाला टेकून बसलेली असे. तिच्याकडे न बघता भावोजी वाचत राहत. मंद उजेड. हळू आवाज. भुसभुशीत माती. लुसलुशीत गवत. मवाळ माणूस. ऐकता ऐकता माझे डोळे मिटत, आणि वाटे, जगातलं सगळं टोचणारं, बोचणारं कुणीतरी उचलून दूर नेऊन ठेवलंय. डोळे उघडावेत तर ताई तशीच डोंगराकडे बघत असे. तिच्या कानात काही शिरतंय की नाही, देव जाणे.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा मी चिठ्ठ्या लावून देत होते. चाळीसेक असतील. त्यांत लोणी होतं, रेशीम होतं, सायीचं दही होतं, पण तान्हं मूल कुठेच नव्हतं. मऊ म्हटलं की बाईमाणसाला आधी तेच आठवेल. मी पडले तोंडाची फटकळ, विचारून टाकलं.

भावोजींनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातून काढून घेतला.

“पहिली चिठ्ठी तीच लिहिली होती,” ते म्हणाले. “फाडून टाकली. तिनं ऐकली असती तर?”

महिनाभर मी या माणसाला मनातल्या मनात दगड म्हणत होते. मला माझीच लाज वाटली.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी भावोजींनी सगळ्या चिठ्ठ्या पहिल्यापासून वाचल्या. ताईची ट्रंक मी दुपारीच भरली होती. शेवटची चिठ्ठी खाली ठेवून ते म्हणाले, “झालं. सॉफ्ट संपला.”

“टाळू राहिली,” ताई म्हणाली.

ती डोंगराकडे बघतच बोलत होती, आणि आवाज न वापरल्यामुळे बसला होता.

“तेल घालताना बोटाखाली उडायची. इतकी मऊ, की मला बोट टेकवायची भीती वाटायची.”

भावोजींनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं. तळाशी येऊन त्यांचा हात थांबला. कोणाचं नाव घालू, असं त्यांनी विचारलं ते मला जेमतेम ऐकू आलं.

“माणिकची आई,” ताई म्हणाली, आणि श्रावणानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

भावोजी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि तिची पातळं एकेक करून परत कपाटात ठेवली.